तिचा पाव कुणी कुस्करला?

ही गोष्ट मी रचलेली असती, तर तिचा शेवट असा केला नसता. खरेपणाबद्दल एवढंच सांगते. माझी लेक युस्र झोपली आहे, ती उठायच्या आत लिहून व्हायला हवं.

मागच्या जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळचे साडेदहा. ट्युनिस शहर, बाब सुएकाच्या मागची एक गल्ली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण हवेत गारठा.

निझार, म्हणजे माझा नवरा, आणि मी लग्न झाल्यापासून एक छंद जपून होतो. दर रविवारी, पायी जाता येईल अशा एका नव्या खानावळीत जेवायचं. खानावळ जुनीच, नवी आमच्यासाठी. आमच्या भागात दर महिन्याला एखादं जुनं दुकान बंद होतं, काचेचा दरवाजा लागतो आणि आत महागडी कॉफी विकायला लागतात.

"संपायच्या आत खाऊन घेऊ," निझार म्हणायचा.

मग युस्र झाली आणि छंदाची गरज झाली.

अडीच वर्षांची माझी पोर घरात घास घ्यायची नाही. कुठल्यातरी खानावळीत, चार माणसांच्या गलबल्यात, दोन-तीन घास पोटात जायचे. अकरा किलोंवरून साडेनऊवर आली होती. तिला अंघोळ घालताना मी तिच्या पाठीकडे बघायचं टाळायचे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गुरुवारी आणा. वजन अजून उतरलं असेल तर दाखल करून घेऊ. नाकातून नळी घालावी लागेल."

हातात चार दिवस होते.

त्या दुकानाला पाटी नव्हती. दोन पायऱ्या उतरून आत जायचं. आत फक्त लबलाबी. उकळत्या काबुली चण्यांचा रस्सा, लसूण, जिरं, हरिसा म्हणजे लाल मिरचीची तिखटजाळ चटणी, वरून अंडं. रीत एकच. दुकानदार रिकामा वाडगा आणि शिळा पाव हातात देतो. तुकडे ज्याचे त्याने करायचे, मग तो वरून रस्सा ओततो. दुसऱ्याच्या वाडग्यात कुणी हात घालत नाही.

आई तेवढी लेकराचा पाव कुस्करते.

आत सात-आठ माणसं उभ्याने पाव मोडत होती. कर्र... कर्र...

आम्ही पायरी उतरलो आणि आवाज थांबला.

सगळे युस्रकडे बघत होते.

"पोरीला बाहेर ठेवा," हंड्यामागचा म्हातारा म्हणाला. त्याचं नाव मुन्सिफ, हे नंतर कळलं.

"बाहेर गारठा आहे, काका."

"मग घरी जा."

कोपऱ्यातला एकजण हसला. "फोटो काढायला आलेत हो! दोन महिन्यांनी इथंही काच लागेल. तेव्हा या, पाय पसरून बसा."

निझारचे कान लाल झाले. "आम्ही इथलेच आहोत. मागच्याच गल्लीत राहतो."

"इथले असता," म्हातारा म्हणाला, "तर लेकराला घेऊन आला नसता."

तेव्हाच फिरायला हवं होतं.

पण मला तो माज वाटला. नवीन बिऱ्हाडांना हिणवायची इथं सवयच आहे. मी हट्टाला पेटले.

"माझी मुलगी जेवल्याशिवाय मी हलणार नाही," म्हणाले आणि सरळ आत घुसले.

उभं राहायला जागा नव्हती इतकी गर्दी. मागच्या भिंतीलगतचा दगडी बाक मात्र... अख्खा रिकामा.

मी युस्रला तिथं बसवलं.

माणसं सरकली. आमच्यापासून लांब. एकजण तर अर्धा वाडगा तसाच ठेवून बाहेर पडला.

म्हाताऱ्याने वाडगा आणि पाव माझ्या शेजारी आदळला. मी वाकून पिशवीत युस्रचा छोटा चमचा शोधू लागले...

कर्र... कर्र... कर्र...

अगदी कानाशी. भराभर. सवयीच्या हाताने.

मान वर केली तर वाडगा भरलेला. तुकडे मुगाएवढे. दात न आलेल्या बाळासाठी करतात तसे.

मला वाटलं, निझारने केले. किती बरं वाटलं मला! बाकावरूनच वाडगा पुढे केला. म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता रस्सा ओतला.

पहिला चमचा फुंकून तिच्या तोंडाशी नेला. तिने नेहमीसारखं तोंड फिरवलं. दुसरा. तिसरा. नाहीच.

माझे डोळे भरले. तिला दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवली.

आणि मागे... चघळल्याचा आवाज.

वळले. युस्रचे दोन्ही गाल फुगलेले. वाडगा अर्धा.

"निझार! अरे बघ, जेवतेय! आपली आपण जेवतेय!"

मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

लोकरीचे हातमोजे अजून काढलेच नव्हते. पांढरे. कोरडे.

चमचा माझ्या मुठीत होता.

"बरं झालं रे, तू पाव इतका बारीक कुस्करलास," मी म्हणाले. काहीतरी साधं बोलायचं होतं मला.

"मी?" निझार दारापाशीच उभा होता, स्वतःचा वाडगा धरून. "मी तर इथून हललोच नाही. मला वाटलं, तूच..."

युस्र माझ्याकडे बघत नव्हती. मान वर करून बाकावर शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

आणि तिने आ केला.

तिच्या हनुवटीवर ओघळ आला होता. मी पुसायला हात पुढे नेला...

फाट्!

मनगटावर चापट बसली. दुसऱ्याच्या ताटात हात घालणाऱ्या पोराला मारतात, तशी. चार बोटं उठली. निझारने ती पाहिली, म्हणून मी वेडी ठरले नाही.

युस्रला उचललं आणि बाहेर पळाले. मागोमाग म्हातारा आला. हातात तोच वाडगा. त्याने तो पायरीवर आपटून फोडला.

"कोण आहे आत?" निझार ओरडला.

"जेवली ना तुमची? मग निघा."

"काका, अहो, सांगा तरी..."

"स्वतःच्या नातवंडांना या पायरीवर पाय ठेवू दिला नाही मी!" रागाने त्याचा आवाज फाटला. "सांगितलं होतं ना, बाई? तोंडावर सांगितलं होतं!"

रात्री घरी मी भात मऊ करून घास पुढे केला. युस्रने माझा हात ढकलला.

"तू नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. परत आले तर ताटली पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. निझार तेव्हा खाली गाडी लावत होता.

गुरुवारी वजन चारशे ग्रॅम वाढलेलं. नळी टळली. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली.

आठवड्याने निझार त्या गल्लीत जाऊन आला. दुकानाभोवती पत्रे लागले होते. मागची भिंत बाकासकट पाडली होती.

"म्हणजे तिथं आता काहीच उरलं नाही," तो म्हणाला. मला धीर द्यायला.

मला तेव्हा खरी भीती वाटली.

तिथं नाही... मग...

एकदा मी लढून पाहिलं. ठरवलं, पोरीसमोरून हलायचंच नाही. दोन दिवस मी आणि निझार आळीपाळीने तिच्यापुढे बसलो. क्षणभरही नजर काढली नाही. युस्रने कण खाल्ला नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिचे ओठ फुटले, डोळे खोल गेले.

खोलीत कुणीतरी वाट बघत होतं. शांतपणे... त्याला घाई नव्हती. आमच्या पोरीपेक्षा आमचा हट्ट आधी मोडणार, हे त्याला माहीत होतं.

मी उठले. भरलेला वाडगा तिच्यापुढे ठेवला, निझारचा हात धरून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

तुमचं लेकरू असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते मला सांगू नका.

आज युस्र तेरा किलोंची आहे. गाल वर आलेत, केस दाट झालेत. सुनेने पोर कशी उभी केली, हे सासूबाई साऱ्या नातेवाइकांना सांगतात. मी मान खाली घालून ऐकते.

काल दुपारी ती आत जेवत होती. मी भांडी घासत होते. आतून हाक आली.

"आई!"

किती महिन्यांनी! तशीच ओल्या हातांनी धावले. दार उघडलं.

युस्रने तोंडातला घास गिळला. माझ्याकडे बघितलं. आणि गोड आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"तुला नाही हाक मारली."

वाडग्यात अजून अर्धं शिल्लक होतं.

मी दार लावून घेतलं.