आत्ताचा आकडा

चौकशी समितीच्या थंडगार खोलीत मल्हारी लोंढे अकराव्यांदा मेला. पडद्यावर तो मुखवट्याविना गटारात उतरला, भिंतीला टेकला, घसरला. वर कोपऱ्यात हिरवा आकडा होता : घातक वायू शून्य.

"आकडा हिरवा असला की मुखवटा लागत नाही, असा नियम आहे," गटारसफाईच्या कंपनीचा अभियंता दामले म्हणाला. "हृदय बंद पडलं असेल, साहेब." शवचिकित्सा इतकी उशिरा झाली होती की त्यातून काहीच निष्पन्न झालं नव्हतं. सगळी भिस्त या आकड्यावर होती.

ज्या अनुप्रयोगात, म्हणजे ॲपमध्ये, ही फीत चालत होती, तो अन्वया ठोसरने लिहिला होता. साक्षीला तिलाच बोलावलं होतं.

"साहेब, हा आकडा फितीत नाहीच," ती म्हणाली. "फीत चालताना अनुप्रयोग तो वरून काढतो. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून लिहावं, तसं. याला आम्ही उपरिचित्रण म्हणतो."

"मग आकडा येतो कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

"टेबलावरच्या या वायुमापकातून. तो जोडल्याशिवाय अनुप्रयोग उघडतच नाही."

"म्हणजे त्या दिवशीचा?"

"नाही. आत्ताचा. या खोलीतला."

मल्हारीची बायको शीतल मागून ओरडली, "माझ्या नवऱ्याच्या मढ्यावर तुमच्या एसीची हवा मोजताय व्हय?"

अन्वयाने दामलेचा लायटर मागून घेतला. फीत पहिल्यापासून लावली आणि ज्योत न पेटवता लायटरमधला वायू मापकावर सोडला. आकडा साठावर गेला, लाल झाला, भोंगा कोकलायला लागला. पडद्यावर मल्हारी नुकता पहिली पायरी उतरत होता.

शीतल ताडकन उठली. "अहो, वर या! वर या!"

मल्हारी उतरतच राहिला.

भोंगा थांबल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "त्या दिवशीचा खरा आकडा कुठाय?"

"साठवलेला नाही." अन्वयाची मान खाली गेली. "साठवण मीच बंद केली. कंपनीचं पत्र होतं, आकडा दाखवा, ठेवू नका."

"जागा वाचवायला, साहेब," दामले म्हणाला. लायटर खिशात टाकत त्याने पुढे जोडलं, "म्हणजे वायू होता, याचाही पुरावा नाही."

"आणि ते पडले ते?" शीतल म्हणाली. "तेबी वरनंच काढलंय का?"



अहवालात लिहिलं : मृत्यूचं कारण अज्ञात. फीत आणि मापक एकाच खोक्यात सीलबंद होऊन अभिलेखागारात गेले. कुणीही अर्ज करून बघावी. मल्हारी दर वेळी मरतो. अभिलेखागाराची हवा स्वच्छ आहे, म्हणून आकडा दर वेळी हिरवा.