भडंगाचा ठसका आणि लाल कार्ड

उज्ज्वलाआत्यानं त्या मुलीला खरंच मुद्दाम मारलं होतं का? शरयूला सकाळपासून दुसरं काही सुचत नव्हतं.

आत्या भारताच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायची. तिनं उंच मारलेला चेंडू खाली येईस्तोवर कोल्हापूरची माणसं मिसळ खाऊन, वर ताक पिऊन परत जागेवर येऊन बसायची! अशा आत्याला काल उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळालं. पडद्यावर साऱ्या जगानं बघितलं: आत्याचं कोपर हळूहळू वर येतंय, समोरच्या मुलीच्या गालात रुततंय, गाल लाटलेल्या कणकेसारखा पसरतोय. आता अंतिम सामना तिच्याविना होणार. आज संध्याकाळपर्यंत पंचाची चूक सिद्ध झाली तरच कार्ड मागे.

कार्ड देणारा यंत्रपंच (निर्णय देणारा रोबो) शिट्टीराम तपासणीसाठी शरयूच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत उभा होता. लेकीची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिथली प्रत्येक हालचाल फुटबॉल महासंघाला थेट दिसत होती.

"आबा, आत्या अशी नाहीच मुळी!"

"एवढ्यावर कार्ड मागे घेतात होय गं? पुरावा आण की," म्हणत आबांनी भडंगाचा बकाणा भरला. लगेच असा ठसका लागला की डोळेच पांढरे झाले. शरयूनं धावत जाऊन पाठीत धपाधप थोपटलं.

कर्रर्र! शिट्टी वाजली. शरयूच्या नाकासमोर लाल कार्ड.

"वृद्धावर मागून हल्ला. मुद्दाम," शिट्टीराम म्हणाला.

"अरे, ती मला वाचवत होती!" आबा खोकतच ओरडले.

शिट्टीरामानं भिंतीवर चित्र दाखवलं. शरयूचा हात सावकाश वर जातोय, नेम धरल्यासारखा खाली येतोय, आबांच्या पाठीवर लाट उठतेय. शरयूला स्वतःचीच भीती वाटली.

"इतकं हळू का दाखवतोस?"

"मला असंच बघायला शिकवलंय."

"मग नेहमीच्या वेगानं दाखव."

धप! झालं. "पाठ थोपटली," शिट्टीराम पुटपुटला.

आबा समजावू लागले. "हे मंदगती चित्रण (वेळ ताणून दाखवलेलं दृश्य). हात किती वेगानं आला आणि किती पटकन थांबला, त्यावरून जोर कळतो. वेळ ताणली की तो वेगच दिसत नाही. आणि क्षणात घडलेली गोष्ट विचार करून केल्यासारखी वाटते."

"म्हणजे कुठं लागलं ते हळू बघायचं. किती जोरात आणि मुद्दाम का, ते खऱ्या वेगात!"

"आता कालचं लाव रे," आबा म्हणाले.

खऱ्या वेगात दोघी चेंडूसाठी उडाल्या. तोल सावरायला आत्याचा हात वर गेला, कोपर लागलं. शरयूनं आबांना टाळीच दिली.

"पण त्याआधी उज्ज्वलानं तिचा शर्ट ओढलाय," शिट्टीराम म्हणाला.

शरयूचा चेहरा पडला. आबांनी आत्याला फोन लावला.

"शर्ट? ओढला की!" आत्या म्हणाली. "त्याचं पिवळं द्या, मुकाट घेते."

हे सगळं थेट बघणाऱ्या महासंघानं संध्याकाळी लालचं पिवळं केलं. आत्या अंतिम सामना खेळणार! शिवाय यापुढे सगळे यंत्रपंच आधी खऱ्या वेगात बघणार, मग हळू.

त्या आनंदात शरयूनं आबांच्या वाटीतलं मूठभर भडंग पळवलं.

कर्रर्र! "पिवळं कार्ड," शिट्टीराम म्हणाला. "दोन्ही वेगांत बघितलंय."