डाव्या तळहातावर

वीरेश त्या संध्याकाळी परभणीच्या बागेत गेला तो आज्जीचं एक काम उरकायला. काम साधंच होतं. हुतात्मा स्मारकाच्या पायथ्याशी वीतभर खड्डा करायचा, कापडात बांधलेलं इष्टलिंग त्यात ठेवायचं आणि माती लोटायची.

लिंग चन्नबसम्मा आज्जीच्या थोरल्या भावाचं, विरूपाक्षअण्णाचं. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात जाताना त्यानं ते गळ्यातून काढून परकरी बहिणीच्या ओंजळीत दिलं होतं. "परत आलो की दे," म्हणाला. तो आला नाही आणि त्याचा देहही सापडला नाही. सापडला असता तर त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मांडी घालून बसवून पुरला असता. आता आज्जी अंथरुणाला खिळली होती. अण्णाचं त्याला पोचल्याशिवाय माझे डोळे मिटायचे नाहीत, एवढा एकच धोसरा तिनं लावला होता. स्मारकावर अण्णाचं नाव होतं; दुसरी समाधी त्याला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन, म्हणून स्मारकाला ताजा चुना दिला होता. लोक मात्र चपला घालून पायऱ्यांवर खुशाल भेळ खात होते. वीरेशनं पिशवीतून खुरपं अर्धं बाहेर काढलं, तोच हाक आली. ऑफिसातले दत्तराव!

"काय वीरेश, काय करायलाव हितं?"

"काय न्हाई... पाय मोकळे करायलोय."

"अन् खुरपं कशाला?"

"बायकोनं मागवलंय. कुंड्यांना."

दत्तराव हसून पुढं गेले. पण ते बागेतच फेऱ्या मारत होते. टापटीप कपड्यातला माणूस मातीत हात घालून बसलेला दिसला तर उद्या ऑफिसभर हसं होणार! आज्जी तिकडं दाराकडं डोळे लावून पडलेली आणि हा पठ्ठ्या इकडं इस्त्री सांभाळत बसला.

अंधारून आलं. मुलांचा गलका एकाएकी थांबला. ओल्या चुन्याच्या वासात आता दुसरा वास मिसळला, खोलवर उकरलेल्या काळ्या मातीचा. वीरेशनं वळून पाहिलं. शेजारच्या पायरीवर एक तरणा पोरगा मांडी घालून बसला होता. तो कधी येऊन बसला, कळलंच नव्हतं. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, सगळं मातीनं माखलेलं. डावा तळहात मांडीवर उघडा.

"आनलंस का...?" त्यानं हळूच विचारलं.

वीरेशचा स्वतःवरचा सगळा राग त्याच्यावर निघाला. "धडधाकट हायस की! काम कर. भीक मागायला लाज वाटत न्हाई?"

तरी चार लोक बघताहेत म्हणून त्यानं पाचाचं एक नाणं त्या तळहातावर टाकलं. त्याचा आवाज झाला नाही. पोरगा नाण्याकडं बघत राहिला... आणि मग त्यानं मान खाली घातली. वीरेश पिशवी उचलून तडक निघाला.

घरी आज्जी जागीच होती.

"ठेवलंस का रं लेकरा?"

"ठेवलं, आज्जी."

"डाव्या हातात दिलंस न्हवं?"

"हातात...?"

"आपल्यात मानसाला बसवलं की लिंग डाव्या तळहातावर ठेवत्यात. हात नसला समोर तरी तसं मनात धरायचं." आज्जी जुन्या आठवणींच्या वाटेला लागल्यासारखी बोलत राहिली. "लय लाजाळू माझा आन्ना. उपाशी ऱ्हाईल, पर मागायचा न्हाई. मागितलंच तर एकदा. दुसऱ्यांदा तोंड उघडायचा न्हाई."

त्या खाली गेलेल्या मानेची आठवण होऊन वीरेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मोरीच्या उजेडात गेला आणि पिशवीतलं ते कापड त्यानं बाहेर काढलं. आज्जीनं लहानपणी मारलेली गाठ तशीच घट्ट होती. ती सोडवता येईना, म्हणून शेवटी त्यानं दातांनी ओढली.

आत लिंग होतं. त्याला चिकटून पाचाचं नाणं होतं, ओल्या काळ्या मातीनं माखलेलं.

आतून आज्जीचा आवाज आला, "लेकरा, घेतलं न्हवं रं त्यानं...?"