बाहेरून येणाऱ्याला वाट

आमच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये पंचक्रोशीतले पुष्कळ लोक हौसेने राबतात. कोणी बर्फ झाडतं, कोणी शेवटच्या फेरीची घंटा वाजवतं, कोणी वाटाण्याचं घट्ट सूप वाढतं. माझ्याकडे दंडावरच्या पट्ट्या आहेत. शर्यतीला दोघंदोघं सुटतात. आतल्या लेनमधून निघणाऱ्याच्या दंडावर पांढरी पट्टी, बाहेरच्या लेनमधून निघणाऱ्याच्या दंडावर लाल. सुरुवातीच्या रेषेपाशी माझं छोटं टेबल असतं आणि त्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पट्ट्या त्यातून निघतात, शर्यत संपली की त्यातच परत येतात. परत येतात तेव्हा घामाने ओलसर आणि अंगाच्या उबेने कोमट असतात. हॉलमधला गारठा हाडांत शिरलेला असतो, तेव्हा ती एवढीशी ऊबसुद्धा बोटांना बरी वाटते. शनिवारी डबा घरी न्यायचा, रविवारी देवाचा वार म्हणून हात लावायचा नाही, सोमवारी पट्ट्या धुवायच्या, असा माझा परिपाठ.

लेनचा नियम आमच्याकडे मुलांना अक्षरांच्या आधी येतो. दर फेरीत माझ्या टेबलासमोरच्या सरळ भागात दोघांनी लेन बदलायची. आतल्याने बाहेर जायचं, बाहेरच्याने आत यायचं, म्हणजे अंतर सारखं पडतं. दोघं एकाच वेळी तिथे पोचले तर वाट बाहेरून येणाऱ्याची. आतल्याने थांबायचं. त्यावर वाद नाही.

माझी लेक फारदाऊ तीन हजार मीटर धावते. देशात तिच्यापेक्षा वेगवान दोघीतिघीच असतील. ती रविवारी बर्फावर उतरत नाही, आणि त्यावरून तिने बोलणीही पुष्कळ खाल्ली आहेत. तिला एकच गोष्ट हवी होती, विश्वविक्रम. आणि तोही इथे, घरच्या बर्फावर. खरं तर विश्वविक्रम व्हायचे ते दूरच्या डोंगरावरच्या हॉलमध्ये, जिथे हवा विरळ असते. आमचा मुलूख समुद्रापेक्षा खाली, इथली हवा सायीसारखी जाड, अंगाला अडते. पण उत्तरेच्या समुद्रावर मोठं वादळ आलं की हवेचा दाब उतरतो, आणि मग एखादा दिवस आमच्याकडेही बर्फ सुसाट होतो. म्हणून आमचे कोच आधी भिंतीवरचा बॅरोमीटर बघतात आणि मग बर्फ.

फारदाऊचा कोच यारिख हा माझ्या नवऱ्याचा, हिल्केचा, लहानपणापासूनचा सोबती. ऑक्टोबरात एकदा सराव संपल्यावर तो टेबलाशी आला.

"वहिनी, तुमची लेक वाटेत कोणाला नमस्कार करते हो?"

"म्हणजे?"

"जोडीला कोणी असलं की झकास. एकटी असली की लेन बदलताना मध्येच अंग उचलते आणि नुसती घसरत राहते. गायींना रस्ता ओलांडू द्यावा ना, तशी. समोर चिटपाखरू नसतं!"

"तिला विचारलंस?"

"विचारलं की. म्हणते, सवय आहे. अहो, आतून बाहेर जातानाच करते, बाहेरून आत येताना नाही. म्हणजे नियम पक्का पाळते. पण वाट देते कोणाला?" तो हसला. "हिल्केला सांगू नका हं. म्हणेल, आईवर गेलीय, दारात सगळ्यांना आधी जाऊ देते."

मीही हसले. हातातल्या पट्टीची घडी मात्र चुकली.

वोब्बे माझा थोरला. घरामागच्या तळ्यावर बर्फ धरला की तो आणि फारदाऊ लव्हाळ्याच्या काड्या रोवून दोन लेन आखायचे. दंडाला बांधायला मीच त्यांना पट्ट्या करून दिल्या होत्या. तिला उशीच्या जुन्या अभ्र्याची पांढरी, त्याला माझ्या फाटक्या मफलरच्या लोकरीची लाल. एका हाताने गाठ मारता येत नाही, म्हणून तो दंड पुढे करून माझ्यासमोर उभा राहायचा. "घट्ट मार आई, मागच्या वेळी सुटली होती." पायांत आजोबांचे जुने स्केट्स, पुढच्या बाजूला कागदाचे बोळे कोंबलेले.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मी बडीशेपेचं गरम दूध दोन कपांत ओतत होते. फारदाऊ मागच्या दाराने आत आली. नऊ वर्षांची होती. गाल लालबुंद, डोळे चमकत होते.

"आई, मी जिंकले! वोब्बे अजून यायचाय."

शेजारी शिड्या आणि दोर घेऊन धावले. लव्हाळ्यापाशी बदकं पाणी उघडं ठेवतात, तिथे बर्फ पातळ असतो. वोब्बे दिवेलागणीला सापडला. दंडावर पट्टी नव्हती. बर्फ वितळल्यावर हिल्केने काठ न् काठ धुंडाळला, पण ती काही मिळाली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, भांडी पुसता पुसता फारदाऊ एकदाच म्हणाली, "लेन बदलायला आम्ही बरोबर पोचलो होतो. तो बाहेरून येत होता. मी थांबले नाही, आई. म्हणून तो लव्हाळ्याकडे वळला." एवढंच. पुसायचा कप तिने पुसून जागेवर ठेवला.

त्या फेब्रुवारीपासून मी कॉफीत साखर घातलेली नाही, आणि सकाळी एक स्तोत्र म्हटल्याशिवाय कोणाशी बोललेले नाही. वोब्बे परत दे, असं मी देवाला कधी म्हटलं नाही. देणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं मागू नये. फारदाऊला मोकळी कर, एवढंच मागत आले.

नोव्हेंबरात एका सकाळी मी टेबल पुसत होते. हॉल रिकामा होता, फारदाऊ एकटीच फेऱ्या मारत होती. आताच्या स्केट्सची टाच सुटी असते. दर पावलाला पातं परत बुटावर आपटतं. टप्. टप्. तो आवाज इतका कानात बसलेला आहे की एरवी ऐकूही येत नाही. त्या सकाळी ऐकू आला, कारण त्याच्या मध्ये दुसरा एक आवाज होता. लांब, ओढलेला. खर्र. पुन्हा खर्र. त्याला टप् नव्हतं. टाच घट्ट असलेल्या जुन्या स्केट्सचा तो आवाज होता.

मी मान वर केली. बर्फावर एकच माणूस होतं.

फारदाऊ लेन बदलायला आली, तिने अंग उचललं आणि ती घसरत राहिली. तो खर्र आवाज तिच्या पुढून आडवा गेला, आतल्या लेनला लागला आणि वळणावर बारीक होत गेला. मागे थोडा वास राहिला. गाळाचा, कुजलेल्या लव्हाळ्याचा. हॉलच्या बर्फाला वास नसतो.

घरी आल्यावर मी आधी गोठ्यात गेले. आजोबांचे स्केट्स खिळ्यालाच होते. पात्यांवर गंज, त्या गंजावर कोळ्याचं जाळं.

जानेवारीत ते मोठं वादळ आलं. शनिवारी सकाळी बांधावरून येताना वाऱ्याने आमची गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला ढकलली. हॉलमध्ये शिरते तर यारिख बॅरोमीटरवर बोट टकटक आपटत उभा होता.

"काटा तळाला गेलाय, वहिनी! असा मी जन्मात बघितला नाही. आज नाही तर कधीच नाही." मग त्याचा आवाज उतरला. "जोडीतली नॉर्वेची मुलगी तापाने पडलीय. फारदाऊ एकटीच सुटणार."

"मग?"

"मग काय? पुन्हा वाट देत बसली तर संपलं. तिचा गुडघा पुढच्या वर्षापर्यंत टिकायचा नाही, तिलाही ठाऊक आहे. माझं ऐकत नाही हो ती. तुम्ही सांगा. सांगा की तिथे कोणी नसतं."

मी खोटं बोलत नाही. पण ती माझी लेक होती, आणि तिने पंधरा हिवाळे याच्यासाठी घालवले होते.

फारदाऊ पट्टीसाठी आली. मी पांढरी पट्टी तिच्या दंडावर चढवली आणि सरळ केली.

"फारदाऊ, तिथे कोणी नाही, बाळा. तू आपली सरळ जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं.

"मग ती कोणासाठी काढून ठेवलीस?"

टेबलावर बाहेरच्या लेनच्या बाजूला लाल पट्टी होती. नीट पसरून ठेवलेली. मी ती डब्यातून कधी काढली, मला आठवेना. मी ती उचलायला हात पुढे केला.

"राहू दे, आई," ती म्हणाली आणि रेषेकडे गेली.

पिस्तूल वाजलं. माझं लक्ष पुन्हा टेबलाकडे गेलं तेव्हा लाल पट्टी तिथे नव्हती. मी खाली वाकून पाहिलं, डब्यात पाहिलं. कुठे नव्हती.

नारिंगी टोप्या घातलेले लोक ओरडत होते, वरच्या सज्जात तुताऱ्या वाजत होत्या. फारदाऊ पहिल्यांदा लेन बदलायला आली आणि किंचित उठली. लोक हळहळले. पण पाटीवरचे आकडे विक्रमाच्या आतच होते. पुढच्या वेळी ती बाहेरून आत आली, बाणासारखी. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा उठली. तरी आकडे आतच. तिला कोणीतरी पुढून ओढत असावं, तशी ती जात होती.

शेवटची घंटा झाली. ती वळणातून बाहेर आली, आतल्या लेनमध्ये. शेवटची अदलाबदल तेवढी उरली होती.

सज्जातल्या तुताऱ्या थांबल्या. का थांबल्या, माहीत नाही. टप्, टप् ऐकू येत होतं. आणि त्याच्या बरोबरीने, बाहेरच्या लेनमधून, खर्र.

यारिख बर्फाच्या काठावर गुडघ्यांवर पडला होता. "जा! जा, फारदाऊ! कोणी नाही! कोणी नाही तिथे!"

माझ्यासमोरच ती घसरता घसरता उभी राहिली.

नुसतं अंग उचललं नाही, पुरती सरळ झाली. हात सोडले. मान थोडी वळवली, जसं आपण कोणाला "जा" म्हणतो तसं.

गार वारा टेबलावरून गेला. गाळाचा वास आला.

मग ती खाली वाकली आणि बाहेरच्या लेनला लागली.

तिने रेषा ओलांडली तेव्हा हॉलभर एकच सुस्कारा उमटला. पापणी लवते तेवढ्याने विक्रम गेला होता. निवेदकाचा आवाजसुद्धा रडवेला झाला. मी फलकाकडे पाहत होते. फारदाऊच्या नावाखालची ओळ रिकामी असायला हवी होती. तिथेही आकडे थांबलेले होते. तिच्याआधी थांबलेले, विक्रमाच्याही आतले. पुढे नाव नव्हतं.

पंचांनी डोकी एकत्र केली. छतात कबुतरं आहेत, एखादं सेन्सरसमोरून गेलं असेल, असं त्यांचं ठरलं. ओळ पुसली गेली.

"कोण होतं तिथे?" यारिख फारदाऊच्या खांद्याला धरून विचारत होता. त्याचे डोळे भरले होते. "मला एकदा सांग ना पोरी, कोण होतं?"

ती त्याच्या हातातून निसटली. माझ्यापाशी आली, पांढरी पट्टी उतरवून माझ्या हातात दिली. चेहरा घामाने आणि आसवांनी भिजला होता, पण तिचा असा सैल चेहरा ती नऊ वर्षांची असल्यापासून मी पाहिला नव्हता.

"वोब्बे पोचला, आई," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? मग मी डबा बंद केला. लाल पट्टी हरवल्याचं कोणाला सांगितलं नाही.

घरी जाताना हिल्के गाडी चालवत होता. वारा पडला होता. तो तसा कमी बोलणारा माणूस, गायींशी बोलतो त्यापेक्षा माझ्याशी कमी. तळ्याकडे वळताना त्याने वेग थोडा कमी केला.

"शेवटच्या वळणावर," तो म्हणाला, "दोघंही काय सुरेख वाकले होते, नाही?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

रविवारी चर्चला गेलो. डबा मागच्या पडवीत होता. तिथे रात्री बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो.

सोमवारी सकाळी स्तोत्र म्हटलं, पाणी तापत ठेवलं आणि डबा उघडला. वर फारदाऊची पांढरी पट्टी होती, गार, घामाने कडक झालेली. ती बाजूला ठेवली. तिच्याखाली लाल दिसलं, आणि मला क्षणभर हायसं वाटलं, सापडली म्हणून.

ती हॉलची पट्टी नव्हती. माझ्या मफलरची लोकर होती. वेढा लहान होता, अकरा वर्षांच्या मुलाच्या दंडाएवढा. गाठ तशीच होती, मी मारलेली, घट्ट.

मी ती तळहातावर घेतली. ओली होती. आणि कोमट.