तीस सेकंदांची शांतता

खुनाचा सिनेमा बारा दिवसांत उरकायचा म्हटल्यावर दिग्दर्शक डेकरसाहेबांना स्टुडिओ कुठून परवडणार? त्यांनी लंडनच्या स्टेपनी भागातलं एक रिकामं घर फुकटात मिळवलं आणि भर दुपारी तळघरात कॅमेरा लावला. ध्वनिमुद्रक विल्फ स्टॉब्ज सामान घेऊन आला, शेजारच्या पडक्या घराचा ढिगारा बघितला आणि दारातच थबकला. हा एकोणीस नंबरच्या घराचा ढिगारा. अजून कोणी उपसलाच नव्हता!

नऊ वर्षांपूर्वी, महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, विल्फ बचाव पथकात होता. ह्याच ढिगाऱ्यापाशी त्यानं शिट्टी वाजवली होती. शिट्टी झाली की फावडी थांबवायची, श्वास रोखायचा आणि खालून कोणी ठोकतंय का ते ऐकायचं. शेजारी म्हणत होते, म्हातारी मिसेस क्राउच बहिणीकडे गेलीय. विल्फनं ढिगाऱ्यातून वर आलेल्या पाइपला कान लावला होता. काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं होतं... पण पुढच्या गल्लीत मुलं अडकली होती. तो उठून तिकडे गेला होता. म्हातारी नंतर कोणालाच दिसली नाही, आणि त्या आवाजाबद्दल त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तळघरातला प्रसंग चित्रित करून झाला. आता रिकाम्या खोलीची तीस सेकंद शांतता मुद्रित करायची. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागतेच.

"हलू नका रे कोणी!" डेकर ओरडले. "विल्फ, घे."

सगळे जागच्या जागी थिजले. विल्फच्या हेडफोनमध्ये ओल्या भिंतीचा गारठा घुमत होता. नाकात चुन्याची धूळ.

ठक... ठक... ठक.

"ऐकलंस?" शांतता संपल्यावर त्यानं माइकची काठी धरणाऱ्या आयव्हरला विचारलं.

"काय, माझ्या पोटातली गुरगुर? सकाळपासून एका सँडविचवर आहे बाबा."

"साहेब... परत घेऊ या."

"शांतता परत? फिल्म काय झाडाला लागते?" डेकर चिडले. "बरं, एकदाच."

या वेळी ठोके जवळून आले. भिंतीच्या अगदी पलीकडून. ओरडावं, कुदळ मागवावी, नऊ वर्षांचं सगळं सांगून टाकावं... ओठापर्यंत आलं होतं. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. वेडाच ठरवतील! नोकरीही जाईल.

"मिळाली," तो हेडफोन काढत म्हणाला. "छान आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे छोट्या थिएटरात आदल्या दिवशीचं काम बघायला बसले. शांततेचा तुकडा लागला. पडदा काळा.

आधी शिट्टी वाजली. लांब, कर्कश.

"शिट्टी कोणी वाजवली रे?" डेकर अंधारात म्हणाले.

मग धापा टाकणारा एक तरुण आवाज आला. "इथे कोणी नाही. चला पुढे."

"विल्फ, अरे हा तर तुझा आवाज!" आयव्हर म्हणाला. "पण तू तर तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हतास. मी शेजारीच उभा होतो की."

पण त्या आवाजानंतर ठोके सुरू झाले होते. भराभर, दोन्ही हातांनी ठोकावं तसे. रीळ तीस सेकंदांचंच होतं. ते संपून यंत्र बंद झालं, दिवे लागले, तरी ठोके थांबले नव्हते.