ओळ झेलणारी

आई जेवत नव्हती, एवढीच गोष्ट. बाकीचं सगळं मी निभावून नेलं असतं.

लकव्यानं तिचं बोलणं गेलं, उजवा हात गेला. पण नेरूळच्या आमच्या फ्लॅटवर तिला घरी आणल्यापासून ती घास समोर आला की तोंड फिरवायची. "शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. माझी आई म्हणजे सारसोळ्याची विमलबाई धवलारीण. आमच्याकडच्या लग्नांत हळदीपासूनचे सगळे विधी गाण्यातून लावणारी. चाळीस वर्षं जिच्या गळ्यावर गावाची लग्नं लागली, तिच्या नाकात नळी? माझं टाळकंच फिरलं.

स्पीच थेरपिस्ट नबीला घरी यायची. ती म्हणाली, "दादा, बोलणं गेलं तरी बऱ्याचदा गाणं राहतं. त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा." तिनं आमच्या टॅबवर एक अॅप टाकून दिलं. त्यात एक ओळ वाजते, मग नऊ सेकंद ते थांबतं, पेशंटच्या गाण्याची वाट बघतं.

मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. माझ्या चुलतभावाच्या, रूपेशच्या लग्नाच्या जुन्या सीडीतून मी आईच्या ओळी कापून घेतल्या. तिच्या मागून तिच्या जोडीला गाणाऱ्या राजाबाईचा आवाज यायचा, तो गोंगाट समजून साफ करून टाकला. इथंच माती खाल्ली. धवला, म्हणजे हे लग्नाचं गाणं, एकटीचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती मागून गाऊन झेलायची. झेलली नाही तर पहिली पुढं जातच नाही. तीस वर्षं आईची ओळ राजाबाई झेलायची. सहा वर्षांपूर्वी ती वारली आणि आईनं गाणं सोडलं.

बुधवारी लावलं. आईचा आवाज आला, मग नऊ सेकंद शांतता. आईनं टॅबकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. तोंड मात्र बंदच.

"अरे प्रीतम, बंद कर ना ते! त्रास होतोय त्यांना," स्नेहल, माझी बायको, म्हणाली.

गुरुवारी सकाळी अकराला हट्टानं परत लावलं. दुसरं करणार तरी काय होतो? हातात पेजेचा चमचा. ओळ संपली. चौथ्या सेकंदाला ती कुणीतरी झेलली. जरा नाकातला, मिश्रीनं बसलेला आवाज. राजाबाईचा.

आईनं तोंड उघडलं. चमचा आत गेला. तिनं गिळलं!

"अगं बाई," म्हणत स्नेहल होती तिथंच खाली बसली.

मला वाटलं, साफ करताना काहीतरी राहिलं असेल. फाइल उघडली तर त्या नऊ सेकंदांत सपाट रेघ. परत कापली, परत टाकली. आवाज आलाच. नबीलाच्या फोनवर तीच फाइल त्या जागी मुकी होती. आमच्या टॅबवर तिनं तो आवाज ऐकला. मग म्हणाली, "दादा, काही बदलू नका."

मी कशाला बदलतोय! शुक्रवार आला, गेला, नळी टळली. पुढच्या आठवड्यात आई वाटीभर पेज घ्यायला लागली, मग ओळीबरोबर गुणगुणायला. मी टेस्टर माणूस, पण सॉफ्टवेअरमधल्या या बगला मी रोज हात जोडले. तो कुठून येतो ते मला जाणूनच घ्यायचं नव्हतं. राजामावशी, तुझे उपकार कुठं फेडू गं, एवढंच मनात यायचं.

काल दुपारी आई बोलली. लकव्यानंतरचे पहिले शब्द.

"राजीला पन दे. ती भुकी हाय."

मला हसूही आलं आणि रडूही. "देतो ना, आई," म्हटलं आणि गंमत म्हणून चमचाभर पेज टॅबपुढं धरली.

आईनं स्वतःच्या गळ्यानं ओळ टाकली.

मी सेकंद मोजले. चार. सहा. नऊ.

ओळ कुणी झेलली नाही.

टॅबमधून फक्त घोट गिळल्याचा आवाज आला.