पुढचं वाक्य

बसा जवळ. दार नुसतं लोटून घे रे, कडी लावू नकोस. आणि धाकटे, तू अशी माझ्यासमोर ये. परदेशी शिकवायला निघालीस, बॅगा भरून झाल्या, घरभर लाड करून घेणं चाललंय. तेव्हा ही गोष्ट खरं म्हणजे तुझ्यासाठी. बाकीच्यांनी फुकटात ऐकायची आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही.

आपल्या मागच्या घरात एक ताई राहायच्या, आठवतात का? शिवणक्लास घ्यायच्या त्या. त्यांचा हा धाकटा भाऊ. मला काका म्हणतो. पंचविशीत इंग्रजी शिकवायला बाहेर गेला, म्हणून आपण त्याला मास्तर म्हणू.

तर मास्तरची खोली होती एका लाँड्रीच्या माडीवर. थंडीत फरशी आपोआप गरम राहायची, एवढं सोडलं तर खोलीत सांगण्यासारखं काही नव्हतं. एक पलंग, एक खुर्ची, कायम साबणाचा वास. शाळेत पोरं त्याला हॅलोसर म्हणायची, कारण बोळातून जाताना प्रत्येक पोरगं हॅलो म्हणून पळायचं आणि त्याला तेवढ्याच वेळा हॅलो म्हणावं लागायचं. दुकानात गेला की बायका त्याच्या टोपलीत डोकावून बघायच्या, परका माणूस खातो तरी काय म्हणून. तिथली भाषा त्याला आली ती कामापुरती. पिशवी नको, साखर नको, माफ करा, आभारी आहे. शेजारच्या टेबलावर संगीताच्या बाई बसायच्या. त्या रोज अर्धं संत्रं सोलून त्याच्यापुढे ठेवायच्या आणि काही न बोलता वह्या तपासायच्या. तेवढाच काय तो घरोबा. शनिवारी दुपारी शाळा सुटली की थेट सोमवारी सकाळपर्यंत त्याचा शब्द कुणाशी होत नसे. सोमवारी पहिल्या तासाला घसा धरलेला असायचा.

सुरुवातीला त्याला याचं वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. मग कशाचंच काही वाटेनासं झालं. हे तसं हळूहळू होतं, आपलं आपल्याला कळत नाही.

त्याची आई मात्र निराळीच बाई. नवरा लवकर गेलेला, साड्यांना फॉल लावून दोन पोरं वाढवली. मास्तर शिक्षक होण्याची परीक्षा देत होता तेव्हा पाठाचा सराव कुणावर करणार? आईवर. ती फॉल लावत बसायची आणि हा समोर उभा राहून म्हणायचा, मी म्हणतो, मग तू म्हण. तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती म्हणायची. आधी हळूच घसा साफ करायची, अर्ध्यात अडखळायची, श्वास घ्यायची, उरलेलं वाक्य म्हणायची. हा म्हणायचा, पुन्हा. ती पुन्हा म्हणायची. वर विचारायची, पास झाले का मी?

त्या वर्षी जानेवारीत आईला दवाखान्यात ठेवलं. ताईंनी मंगळवारी फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणसं बोलावून घ्या. ताई म्हणाल्या, आई तुझं नाव घेतेय, आज निघ. मास्तर म्हणाला, बरं. मुख्याध्यापकांकडे गेला. ते बिचारे भले गृहस्थ, त्यांनी तिथल्या तिथे रजा लिहून दिली, म्हणाले काम राहू दे, जा. आणि आमचा मास्तर काय म्हणाला असेल? म्हणाला, हातातलं काम तेवढं संपवतो आणि शुक्रवारच्या विमानाने जातो.

का, ते त्याला आजही सांगता येत नाही. कामाचा आडोसा बरा वाटतो माणसाला. घरी गेलं की रडावं लागणार, आणि रडायला येईल असं त्याला काही वाटत नव्हतं.

काम कसलं, तर सुट्टीतल्या सरावासाठी आवाज भरून द्यायचा. मास्तरने एक वाक्य म्हणायचं, मग वाक्याएवढा वेळ गप्प बसायचं. त्या मोकळ्या जागेत पोरांनी घरी बसून तेच वाक्य म्हणायचं. मग पुढचं वाक्य. अशी पानंच्या पानं.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. रात्रीचे दहा वाजून गेलेले, म्हणजे आपल्याकडे पहाट व्हायच्या बेतात. रखवालदाराने त्याला किल्ली दिली आणि तो आवाज भरायच्या खोलीत जाऊन बसला. संगीताच्या वर्गामागे अडगळीएवढी एक कोठडी होती. भिंतींना जाड फोम, एक टेबल, एक माइक, एक संगणक. दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यावं. फोन आत न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून तो याने बाहेर वर्गातल्या वाद्याच्या पेटीवर ठेवला. कानाला हेडफोन लावले. बोललं की पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारायची, गप्प बसलं की सपाट.

पहिलं पान झालं. दुसरं झालं. वाक्यं इंग्रजीत होती, मी आपली मराठीत सांगतो. आज हवा थंड आहे. माझी छत्री कुठे आहे? असली.

तिसऱ्या पानावर त्याने वाक्य म्हटलं आणि गप्प बसला.

रेघ हलली.

त्याला वाटलं आपलीच खुर्ची करकरली असेल. पुढचं वाक्य म्हटलं. थांबला. रेघ पुन्हा हलली, आणि या वेळी कानात आवाज आला. लांबून, हळू. कुणीतरी तेच वाक्य म्हणत होतं.

त्याने हेडफोन काढले. कोठडीत काही नाही. दार उघडलं. संगीताच्या वर्गात बाकं, पेट्या, अंधार. खाली रखवालदाराच्या रेडिओची बारीक खरखर. त्याने दार लावलं, हेडफोन लावले आणि पुढचं वाक्य म्हटलं.

घसा साफ केल्याचा आवाज आला. मग वाक्य. अर्ध्यात अडखळलं. श्वास घेतला. उरलेलं झालं.

आणि धाकटे, ऐक, आता हे नीट ऐक. शिक्षकाची जात वाईट. जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. मास्तर म्हणाला, "पुन्हा."

ती पुन्हा म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. पण तो उठला नाही. त्याला एवढंच समजलं की आपण म्हटलं तर ती म्हणते. आपण थांबलो तर...

त्याने पुढचं वाक्य म्हटलं. ती म्हणाली. त्याने पुढचं. तिने पुढचं. त्याला आई अशी हाक मारायची होती, स्वतःचं काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते कागदावरचं वाक्य. दुसरं काही तोंडात येईचना. चौथं पान. पाचवं. तिचा श्वास आखूड होत चालला होता. एका वाक्यात दोनदा थांबायची. तीनदा. तरी पुरं करायची. सोडायची नाही.

शेवटचं पान आलं.

धडा स्टेशनचा होता. एक बाई फलाटावर कुणाची तरी वाट बघतेय आणि स्टेशनमास्तर तिच्याशी बोलतोय, असा. तुम्ही कुणासाठी थांबला आहात? मी माझ्या मुलासाठी थांबले आहे. ती हे वाक्य म्हणाली. अडखळत म्हणाली.

खाली एकच वाक्य उरलं होतं. मास्तरने ते डोळ्यांनी आधीच वाचलं.

आणि तो गप्प बसला.

रेघ सपाट.

कानात नुसता श्वास. आत... बाहेर. आत... बाहेर. ती वाट बघत होती.

त्याने कागद उलटा घातला. ओठ घट्ट मिटून बसला. हे नाही म्हणायचं. काही झालं तरी हे नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग रेघ हलली. या वेळी इंग्रजी नव्हतं. स्वच्छ मराठी, अगदी कानाशी.

"पुढचं सांग ना रे."

...

त्याने सांगितलं. आईने मागितलं, म्हणून सांगितलं. कागद उलटाच होता, तरी तोंडातून तेच आलं. ही शेवटची गाडी होती. आता कुणी येणार नाही.

मोकळी जागा.

घसा साफ केल्याचा आवाज. आणि मग तिने ते वाक्य म्हटलं. कुठेही न अडखळता. एका श्वासात. जन्मात पहिल्यांदा, एकही चूक नाही.

पुन्हा म्हणायचं कारणच उरलं नाही.

रेघ सपाट झाली ती झालीच.

मास्तरने संगणक बंद केला, दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं. पेटीवर फोन होता, त्यावर ताईंचे चुकलेले फोन एकाखाली एक. त्याने लगेच लावला नाही. किल्ली परत दिली, रखवालदाराचे आभार मानले, लाँड्रीवरच्या खोलीत जाऊन भांडं घासून ठेवलं आणि मग फोन लावला. ताई रडत होत्या. हा म्हणाला, बरं. येतो.

सकाळी त्याने संगीताच्या बाईंना भरलेला आवाज ऐकायला दिला. त्यांनी सगळा ऐकला आणि मान हलवली, छान झालाय. त्याचं ते एक 'पुन्हा' सोडलं तर मोकळ्या जागा कोऱ्याच्या कोऱ्या होत्या. श्वाससुद्धा नव्हता. ती पानं पोरांनी सुट्टीभर म्हटली.

शनिवारी तो इथे पोचला. सगळं उरकलं होतं. मी त्याला न्यायला गेलो होतो, म्हणून सांगतो, डोळे कोरडे ठणठणीत. चहा घेतला. लोक भेटायला आले, त्यांना या बसा म्हणाला. म्हातारी माणसं आपसात कुजबुजायला लागली, पोरगा तिकडे जाऊन दगड झाला म्हणून.

रात्री ताईंनी त्याला आत बोलावलं. मलाही बोलावलं, एकटीला धीर होईना. म्हणाल्या, शेवटच्या रात्री आई तासभर इंग्रजीत बोलत होती. डॉक्टर म्हणाले तापाची बडबड आहे. पण बडबड नव्हती रे ती. एक वाक्य म्हणायची, थांबायची, कान द्यायची, मग दुसरं. तुला ऐकवावं म्हणून फोन आवाज भरायला लावून उशाशी ठेवला आणि मी नर्सला हाका मारायला दारापर्यंत धावले. परत येईतो सगळं संपलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दारातच तर होते मी.

मास्तर खाली बघत म्हणाला, मला माहीत आहे ती काय म्हणाली ते.

ताई म्हणाल्या, ते नाही. त्याच्या पुढचं ऐक. आणि त्यांनी फोनमध्ये भरलेला तो आवाज लावला.

मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पोरांनो. आधी पंख्याची घरघर. मग म्हातारीचा घसा साफ केल्याचा आवाज. मग ते इंग्रजी वाक्य, एका दमात, खणखणीत. मग बराच वेळ काही नाही.

आणि मग मास्तरचा आवाज. इंग्रजी नाही, मराठी. रडून रडून बसलेल्या गळ्याचा.

"आलो, आई. सरक जराशी."

मास्तरने ते तीनदा लावून ऐकलं. मग ताईंकडे बघून शांतपणे म्हणाला, हे मी बोललो नाही.

त्या आवाजानंतर फोनमध्ये आणखी थोडंसं आहे. पलंगाची लोखंडी पट्टी करकरते. दोन माणसं बसल्यावर करकरावी, तशी.